जिवाणूला 'अप्रगत' म्हणू नका आणि चित्र मापात छापा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञानाच्या पानावर पेशींची ओळख करून देणारा लेख आला होता. लेखासोबत एक चित्र होतं. शेजारी शेजारी दोन गोल, दोन्ही एकाच मापाचे. डाव्या गोलाखाली लिहिलं होतं, 'आदिकेंद्रकी पेशी : साधी, अप्रगत'. उजव्याखाली, 'दृश्यकेंद्रकी पेशी : प्रगत'. आदिकेंद्रकी म्हणजे जिवाणूंची, दृश्यकेंद्रकी म्हणजे आपली, प्राण्यांची, झाडांची. त्याखाली फरकाचा छोटा तक्ता. केंद्रक नाही, केंद्रक आहे. तंतुकणिका (पेशीसाठी ऊर्जा तयार करणारे कप्पे) नाहीत, तंतुकणिका आहेत. गुणसूत्र एक, गुणसूत्रं अनेक.

लेखकाला नावं ठेवण्यासाठी हे पत्र नाही. मी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं फळ्यावर हेच चित्र काढलं, हाच तक्ता मुलांकडून पाठ करून घेतला. त्यातून मुलांच्या मनात काय बसतं ते मी उत्तरपत्रिका तपासताना पाहिलं आहे. म्हणून लिहावंसं वाटलं. पत्र लांबलं तर कृपया सांभाळून घ्या.

पहिल्यांदा मापाबद्दल सांगते. माप चुकलं की पुढचं काहीच नीट लागत नाही.

प्रयोगशाळेत आम्ही गालाच्या पेशींचा प्रयोग करायचो. चूळ भरायची, स्वच्छ दातकोरणीच्या बोथट टोकानं गालाची आतली बाजू हलकेच खरवडायची, काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात ते पसरायचं, वर मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब टाकायचा, आच्छादक काच तिरकी धरून हळूच सोडायची आणि कडेला आलेला रंग टिपकागदानं टिपून घ्यायचा. आधी दहाच्या भिंगाखाली पेशी शोधायची, मग चाळीसचं भिंग फिरवायचं. एका वर्षी एक मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली आणि म्हणाली, "मॅडम, माझी पट्टी खराब झाली. पेशीवर घाण पडली आहे."

मी पाहिलं. फिकट निळी, कडा दुमडलेली, पापुद्र्यासारखी पसरट पेशी. मध्ये गडद निळं केंद्रक. आणि पेशीच्या अंगावर, कडेला, काही आजूबाजूच्या पाण्यात, बारीक निळे ठिपके. काही एकेकटे, काही जोडीनं, काही माळेसारखे. ती घाण नव्हती. ते तिच्या तोंडातले जिवाणू होते. ज्या दोन पेशींमधले फरक मी आठवडाभर फळ्यावर शिकवत होते त्या दोन्ही एकाच काचपट्टीवर, एकाच दृष्टिक्षेत्रात होत्या, आणि आम्ही सगळे त्यातली एकच बघत होतो. त्या आधीच्या वर्षांत किती मुलांना मी "ते ठिपके सोडून द्या, पेशी काढा" असं सांगितलं असेल याचा हिशेब नाही. गंमत अशी की तोंडातले हे ठिपके पहिल्यांदा पाहणारा माणूसही दातांमधलाच थर बघत होता. अँटनी व्हान लेव्हेनहूकनं १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून दातांच्या फटीत सापडलेल्या या हलत्या जीवांचं वर्णन कळवलं होतं.

गालाची पेशी साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असते. त्यावरचा गोल जिवाणू जेमतेम १ मायक्रोमीटरचा. म्हणजे कागदावर जिवाणू १ मिलिमीटरचा काढला तर गालाची पेशी ६ सेंटिमीटरची काढायला हवी. नुसत्या केंद्रकातच असे शंभराहून जास्त जिवाणू मावतील. पेशी सपाट नसून फुगीर असेल, उदाहरणार्थ यकृताची, तर आकारमानाचा फरक हजारो पटींत जातो. आता आपल्या पानावरचे ते दोन सारखे गोल आठवून पाहा. ते पाहिलेल्या मुलाला वाटतं, एक घर रिकामं आणि एक घर सामानानं भरलेलं, बाकी दोन्ही सारखीच. मग 'साधी' आणि 'प्रगत' हे शब्द आपोआप चिकटतात.

मापाला अपवाद आहेत, आणि तेही सांगायला हवेत. ऑस्ट्रिओकॉकस टॉरी नावाचं एक सागरी शैवाल १ मायक्रोमीटरहूनही लहान असतं. तेवढ्याशा जागेत केंद्रक, तंतुकणिका आणि प्रकाशसंश्लेषण करणारं हरितलवक असं सगळं आहे. उलट, थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जिवाणू, ज्याचं वर्णन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं, सुमारे १ सेंटिमीटर लांब वाढतो. नुसत्या डोळ्यांना पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसतो. त्याचा डीएनए पटलानं, म्हणजे पातळ पडद्यानं, वेढलेल्या बारीक पिशव्यांमध्ये असतो. तक्त्यातली सरळ रेघ या एका जिवाणूनं पुसट केली. तरी तो जिवाणूच आहे.

तर मूळ फरक कोणता?

केंद्रक, असं सगळे म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. रॉबर्ट ब्राउननं १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत केंद्रक पाहून त्याला नाव दिलं. जीवसृष्टीचे केंद्रकावरून दोन गट करता येतील, हे एदुआर शातों या फ्रेंच संशोधकानं १९२५ च्या एका लेखात मांडलं. या दोन गटांची नावं तिथूनच आली. त्याकडे पुढं फारसं कुणी पाहिलं नाही. १९६२ मध्ये रॉजर स्टॅनिअर आणि कॉर्नेलिस व्हान नील यांनी 'जिवाणू म्हणजे नक्की काय' हा प्रश्न घेऊन तीच विभागणी पुन्हा मांडली आणि मग ती पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. म्हणजे आपण ज्याला पेशीशास्त्राचा पाया म्हणतो, तो वर्गात येऊन फार वर्षं झालेली नाहीत.

पण केंद्रक 'आहे' की 'नाही' एवढंच शिकवलं की काय होतं ते सांगते. एका परीक्षेत प्रश्न होता, आदिकेंद्रकी पेशीचं एक उदाहरण लिहा. एका मुलानं लिहिलं, 'माणसाची लाल रक्तपेशी'. मी लाल शाईनं फुली मारली, शून्य दिलं. मुलगा उत्तरपत्रिका घेऊन आला. "मॅडम, लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं असं तुम्हीच सांगितलंत. आणि केंद्रक नसतं ती आदिकेंद्रकी, असं तक्त्यात आहे." मी त्याला म्हटलं, "उदाहरण जिवाणूचं लिहायचं, एवढं लक्षात ठेव." तो गेला. त्याचं म्हणणं तक्त्याला धरून अगदी चोख होतं, आणि मी त्याला उत्तर दिलंच नाही, गप्प केलं. ही गोष्ट मला अजून टोचते.

त्याला द्यायला हवं होतं ते उत्तर असं. लाल रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होते तेव्हा तिच्यात केंद्रक असतं. परिपक्व होताना ती ते बाहेर टाकून देते. तंतुकणिकाही जातात. उरलेल्या जागेत हिमोग्लोबिन भरलेलं असतं. आपल्या शरीरात सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी अशा तयार होतात. पक्ष्यांच्या लाल पेशी केंद्रक टाकत नाहीत, ठेवतात. म्हणजे आपल्या लाल पेशीनं केंद्रक टाकलं आहे, आणि जिवाणूला ते कधी नव्हतंच. पेशी कोणत्या वंशातून आली, तिची सगळी घडण कशी, यावर तिचा गट ठरतो. एका क्षणी तिच्यात काय दिसतं किंवा दिसत नाही यावर नाही.

आणि केंद्रक असण्यानं फरक पडतो तो नेमका कुठं? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि तक्त्यात तिला जागाच नसते.

प्रथिन बनवायचं तर आधी डीएनएवरून आरएनएची प्रत काढावी लागते आणि मग रायबोझोम ती प्रत वाचून प्रथिन जोडतो. जिवाणूत डीएनए पेशीद्रव्यातच एका भागात गोळा होऊन असतो, त्याला केंद्रकाभ म्हणतात. भोवती पडदा नाही. त्यामुळे आरएनएची प्रत अर्धीच निघालेली असते तोवर तिच्या सुट्या टोकावर पहिला रायबोझोम चढतो, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. प्रत पूर्ण व्हायच्या आत प्रथिनं तयार व्हायला लागतात. ऑस्कर मिलर आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली याचं छायाचित्र घेतलं. डीएनएचा बारीक धागा, त्याला फुटलेल्या आरएनएच्या फांद्या, एका बाजूला आखूड आणि पुढं पुढं लांब होत गेलेल्या, आणि प्रत्येक फांदीवर मण्यांसारखे रायबोझोम. ते छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिकवायला लागून बारा वर्षं झाली होती. केंद्रकपटल नसणं म्हणजे नेमकं काय, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी फक्त 'नसते' असा शब्द सांगत होते.

आपल्या पेशीत प्रत आत निघते आणि प्रथिन बाहेर बनतं. मध्ये केंद्रकपटल, दुहेरी, आणि त्यात काही हजार छिद्रं. कोण आत जाणार, कोण बाहेर येणार, यावर त्या छिद्रांचा पहारा असतो. प्रत लगेच बाहेर जात नाही. आधी तिच्यावर काम होतं. १९७७ मध्ये लक्षात आलं की आपल्यासारख्यांच्या जनुकांत मध्ये मध्ये असे तुकडे असतात जे प्रथिनात उतरत नाहीत. ते कापून टाकायचे आणि उरलेले जोडायचे, हे काम केंद्रकात होतं. रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना या शोधासाठी १९९३ चं नोबेल मिळालं. कापाकापी आणि जोडाजोडी वेगवेगळी केली तर एकाच जनुकातून वेगवेगळी प्रथिनं निघू शकतात. कापायला वेळ मिळतो कारण मध्ये पडदा आहे. रायबोझोम आत असते तर न कापलेलीच प्रत त्यांनी वाचायला घेतली असती.

जिवाणूला हा वेळ नको आहे. ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत दर २० मिनिटांनी दुभंगतो. त्याच्या डीएनएची पूर्ण नक्कल व्हायला मात्र साधारण ४० मिनिटं लागतात. मग २० मिनिटांत जमतं कसं? पहिली नक्कल पुरी व्हायच्या आधीच तो दुसरी सुरू करून ठेवतो. जन्मलेल्या पेशीत तिच्या लेकींसाठीच नाही, तर नातींसाठीचीही नक्कल चालू असते. याला 'अप्रगत' म्हणायला माझी जीभ आता वळत नाही.

गुणसूत्रांबद्दल थोडक्यात. ई. कोलायचा डीएनए म्हणजे सुमारे ४६ लाख बेस जोड्यांचं (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचं) एक कडं. उलगडलं तर दीड मिलिमीटरच्या थोडं वर जातं. ते २ मायक्रोमीटर लांबीच्या पेशीत पिळून बसवलेलं असतं. आपल्या एका पेशीतला डीएनए सुमारे २ मीटर, हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला. 'जिवाणूत एकच गुणसूत्र' हा नेम बहुतेक ठिकाणी लागतो, पण पटकीच्या जिवाणूला दोन असतात. एवढं पुरे.

आता कप्प्यांकडे येते. पेशीची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट होतो आणि आयतन आठपट. पेशी मोठी होत जाते तसं आतलं पोट मोठं आणि त्या मानानं कातडी अपुरी, अशी स्थिती येते. जिवाणू आपली बरीचशी ऊर्जा बाहेरच्या पटलावरच तयार करतो. लहान आहे तोवर ते पुरतं. मोठ्या पेशीला पटल आत न्यावं लागतं. यकृताच्या पेशीतली सगळी पटलं मोजली तर बाहेरचं प्रद्रव्यपटल त्यातलं जेमतेम २ टक्के भरतं. बाकी सगळं आत, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी संकुल, लयकारिका, केंद्रकपटल. एकट्या तंतुकणिकांच्या आतल्या पटलाचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास जातो. लयकारिकेत आम्लधर्मी द्रव आणि पचवणारी विकरं, आणि तिच्या बाहेर काही अंतरावर प्रथिनं जोडण्याचं नाजूक काम. एकमेकांना न मानवणारी कामं एकाच पेशीत चालतात ती या भिंतींमुळे.

आणि या कप्प्यांतला एक कप्पा तर मुळात आपला नव्हताच.

तंतुकणिकेला दोन पटलं असतात. तिचा स्वतःचा डीएनए असतो, जिवाणूसारखा कड्याच्या आकाराचा. माणसात १६,५६९ बेस जोड्यांचा, ३७ जनुकांचा. तिचे स्वतःचे रायबोझोम असतात आणि त्यांची घडण आपल्या पेशीद्रव्यातल्या रायबोझोमपेक्षा जिवाणूंच्या रायबोझोमशी जास्त जुळते. पेशी तंतुकणिका नव्यानं बनवू शकत नाही. आधीची तंतुकणिका वाढून दुभंगते. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात म्हटलं की तंतुकणिका आणि हरितलवक हे एके काळचे स्वतंत्र जिवाणू, दुसऱ्या पेशीत राहायला आले आणि तिथलेच झाले. त्याआधी अनेक नियतकालिकांनी तो लेख परत पाठवला होता. कल्पना अगदी नवी नव्हती, हरितलवकांबद्दल मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये तसंच सुचवलं होतं. पण पुढं डीएनएची तुलना करता आली आणि हे नातं पक्कं ठरलं. तक्त्यात आपण 'तंतुकणिका असतात / नसतात' असं लिहितो. जिवाणूत तंतुकणिका कशी असेल? तंतुकणिकेचा पूर्वजच जिवाणू आहे.

हे सगळं पुस्तकातलं वाटेल, म्हणून घरची गोष्ट सांगते.

माझ्या आईला तरुणपणी क्षयरोग झाला होता. तिला स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं दिली गेली, बरेच महिने. ती वाचली. मी त्यानंतर जन्मले, म्हणजे मी या औषधाची ऋणी आहे. पण तिच्या कानात कायमचा एक बारीक आवाज राहिला. पाखरांचा आवाज तिला येत नसे, टाचणी पडल्यासारखे बारीक आवाज तर नाहीच. अंधारात चालताना भिंतीला हात लावल्याशिवाय तिचा तोल राहत नसे. रात्री ती उठली की भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज यायचा, त्यावरून आम्हाला कळायचं.

स्ट्रेप्टोमायसीन १९४३ मध्ये सापडलं. ते जिवाणूच्या रायबोझोमच्या लहान भागाला चिकटतं आणि प्रथिनं चुकीची जोडली जातात. जिवाणूचा रायबोझोम ७० एस, आपल्या पेशीद्रव्यातला ८० एस. एस म्हणजे वेगानं फिरणाऱ्या यंत्रात तो किती झपाट्यानं खाली बसतो त्याचं एकक. हा आकडा आम्ही तक्त्याच्या शेवटच्या ओळीत लिहायचो आणि मुलं तो एका गुणासाठी पाठ करायची. आईचा जीव त्या ओळीनं वाचवला. औषधाला जिवाणूचा रायबोझोम आणि आपला रायबोझोम वेगळे ओळखता आले, म्हणून ते रुग्णाला देता आलं. टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसीन, क्लोरॅम्फेनिकॉल ही औषधंही याच फरकाचा फायदा घेतात. पेनिसिलिन वेगळ्या जागी घाव घालतं, जिवाणूच्या पेशीभित्तिकेतला पेप्टिडोग्लायकन नावाचा पदार्थ जोडू देत नाही. आपल्या पेशीला भित्तिकाच नाही.

आणि आईचे कान? कानाच्या आतल्या, आवाज आणि तोल टिपणाऱ्या केसपेशींना स्ट्रेप्टोमायसीनच्या गटातल्या औषधांनी इजा होते, तिची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. त्यातलं एक तंतुकणिकांशी जोडलेलं आहे. आपल्या पेशींच्या आत जिवाणूच्या वंशातले रायबोझोम आहेत, आणि जिवाणूवर नेम धरलेलं औषध त्यांनाही लागू शकतं. १९९३ मध्ये असं दिसून आलं की काही कुटुंबांत तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये १५५५ व्या जागी एका अक्षराचा बदल असतो. त्या बदलामुळे त्यांचा रायबोझोम जिवाणूच्या रायबोझोमसारखा आणखी दिसायला लागतो आणि या औषधाच्या थोड्या मात्रेनंही बहिरेपण येऊ शकतं. तंतुकणिका आईकडून मुलांकडे जातात, म्हणून हा बदलही आईच्या बाजूनं उतरतो. असं इंजेक्शन सुरू करायच्या आधी आईकडच्या कुणाला औषधानं ऐकू येईनासं झालं होतं का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं, एवढी तरी ही माहिती घरोघर पोचायला हवी.

मी हे वाचलं तेव्हा आई गेलेली होती. दोन पेशींमधला फरक आणि दोन पेशींमधलं नातं, दोन्ही तिनं एकाच औषधात भोगले होते. मी मात्र वर्गात फक्त फरक शिकवत होते.

कवकांमुळे होणारे रोग आणि हिवताप यांवर औषधं शोधणं का अवघड जातं, तेही यातूनच समजतं. कवक दृश्यकेंद्रकी, हिवतापाचा परजीवी दृश्यकेंद्रकी, आपणही. शत्रूची घडण आपल्यासारखी असली की नेम धरायला जागा कमी मिळतात. आणि विषाणू या दोन्ही गटांत नाहीत, ते पेशीच नाहीत. त्यांना ना रायबोझोम ना भित्तिका, म्हणून प्रतिजैविकं त्यांचं काही करू शकत नाहीत. बातम्यांत 'जिवाणू' आणि 'विषाणू' हे शब्द एकमेकांच्या जागी पडतात तेव्हा ती शुद्धलेखनाची चूक म्हणून सोडू नका. ते वाचून कुणी सर्दीसाठी प्रतिजैविक मागायला जातो.

आणखी एक दुरुस्ती करायला हवी. तक्त्यात स्तंभ दोन असले तरी वंश दोनच नाहीत. कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोझोममधल्या आरएनएची तुलना करून दाखवलं की ज्यांना आपण सरसकट जिवाणू म्हणत होतो त्यातला एक गट अगदी वेगळा आहे. त्यांना आर्किया म्हणतात. केंद्रक त्यांनाही नाही, पण डीएनए वाचण्याची त्यांची यंत्रणा जिवाणूंपेक्षा आपल्याशी जास्त जुळते. २०१५ मध्ये समुद्राच्या तळच्या गाळातून मिळालेल्या डीएनएवरून अशा आर्कियांचा पत्ता लागला ज्यांच्यात आपल्या पेशींची खूण समजली जाणारी कित्येक प्रथिनं आहेत. जपानी संशोधकांनी त्यांच्यातला एक बारा वर्षांच्या खटपटीनंतर प्रयोगशाळेत वाढवला, त्याचं वर्णन २०२० मध्ये आलं. आपली पेशी अशाच एखाद्या यजमानाच्या आणि एका जिवाणूच्या सहवासातून घडली, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

म्हणून 'अप्रगत' या शब्दावर माझा आक्षेप आहे. त्या शब्दात असं गृहीत धरलेलं असतं की जिवाणू मागं राहिले आणि आपण पुढं आलो. ते मागं राहिलेले नाहीत, आपल्याइतकाच काळ तेही बदलत आले आहेत. हवेतला नायट्रोजन सजीवांच्या उपयोगाचा करण्याची विद्या मुळात फक्त आदिकेंद्रकींकडे आहे, एकाही वनस्पतीला किंवा प्राण्याला ती आपली आपण साधलेली नाही. पाण्यातून ऑक्सिजन सोडणारं प्रकाशसंश्लेषण नीलहरित जिवाणूंनी सुरू केलं. झाडांनी ते हरितलवकाच्या रूपानं आत घेतलं. जिवाणूची कशाभिका, म्हणजे पोहायची शेपटी, पायथ्याशी असलेल्या मोटरवर गरगर फिरते, आपल्या शुक्रपेशीची शेपटी वाकून फटकारे मारते. नाव एकच, यंत्रं अगदी निराळी. आणि संख्येचं म्हणाल तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार एका प्रौढ माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी, आणि जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी. त्या सगळ्या जिवाणूंचं वजन मात्र पाव किलोच्या आत. पुन्हा तेच, माप.

आपल्याकडे माझ्या मागण्या तीन आहेत. 'साधी, अप्रगत' आणि 'प्रगत' हे शब्द पुढच्या वेळी गाळावेत. नुसतं 'आदिकेंद्रकी' आणि 'दृश्यकेंद्रकी' पुरेसं आहे. तक्ता द्यायचाच तर त्यात 'केंद्रकपटल नाही' याच्या शेजारी 'म्हणून आरएनए निघतानाच प्रथिन बनायला सुरुवात' एवढे शब्द घालावेत. प्रत्येक 'नाही'ला एक 'म्हणून' हवा. आणि चित्र मापात छापावं.

तिसऱ्या मागणीसाठी मी पत्रासोबत स्वतः काढलेली आकृती जोडते आहे. गालाची पेशी ६ सेंटिमीटर, जिवाणू १ मिलिमीटर. जागेअभावी लहान करायची झाली तर दोन्ही एकाच प्रमाणात लहान करावीत, जिवाणू ओळखू यावेत म्हणून ते वेगळे मोठे करू नयेत. आणि पान लावणाऱ्यांना एक आवर्जून सांगावं, पेशीवर आणि तिच्या कडेला जे बारीक निळे ठिपके आहेत ते शाईचे डाग नाहीत. छपाईपूर्वी ते कृपया पुसू नयेत.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका